पायथ्याचे देऊळ

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात भाषांतरित इंग्रजी कादंबऱ्यांचे एक कपाट आहे. त्याच्याकडे फारसे कोणी फिरकत नाही. मीही फिरकले नसते; पण गेल्या पावसाळ्यात सरांनी प्रत्येकाला एक तरी परदेशी पुस्तक वाचायला सांगितले आणि मी त्यातल्या त्यात बारीक दिसणारे पुस्तक उचलले. खरे कारण एवढेच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच आणि इंग्रजी पुस्तक म्हटले की अजूनही पोटात गोळा येतो.

पुस्तकाचे नाव होते ‘द रिव्हर की’. सावाको आरियोशी या जपानी लेखिकेची ‘किनोकावा’ ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली, तिचे हे भाषांतर. पहिल्याच पानांत एक आजी आपल्या नातीचा हात धरून एका देवळाच्या पायऱ्या चढते. नातीचे, हानाचे, लग्न ठरलेले आहे. सासरी जाण्यापूर्वी देवाच्या पायांवर घालावे म्हणून आजी तिला तेथे आणते. इथवर सगळे आपल्यासारखेच. पण त्या देवळात कापडाचे, कापूस भरून शिवलेले स्तन टांगलेले असतात, असे पुढे आले आणि मी थबकले. शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता, तरी शब्दकोश उघडून पाहिला. अर्थ तोच निघाला!

पुढे हाना नावेत बसून नदीच्या प्रवाहाबरोबर खाली सासरी जाते. नवरीने प्रवाहाविरुद्ध वर जाऊ नये, असा तिकडचा समज. कादंबरी संपली, पण देऊळ काही डोक्यातून जाईना. ते काल्पनिक असेल असे मला वाटले होते. शोधू लागले तेव्हा कळले की देऊळ खरेच आहे आणि स्त्रिया तेथे अजूनही तसल्या पाट्या टांगतात. मी जपान पाहिलेला नाही, बहुधा पाहणारही नाही. जे वाचायला मिळाले त्यावरून हा लेख लिहीत आहे.

जपानच्या मुख्य बेटाच्या दक्षिणेला की नावाचे डोंगराळ द्वीपकल्प आहे. तेथे वाकायामा प्रांतात, की नदीच्या दक्षिण तीरावर कुदोयामा हे छोटे गाव आहे. ओसाका शहरातून कोया पर्वताकडे जाणारी रेल्वे या गावावरून जाते. भोवती डोंगरउतारावर फळबागा. टोमॅटोसारखे दिसणारे एक केशरी फळ हे या प्रांताचे मोठे पीक. जपानी भाषेत त्याचे नाव ‘काकी’. (हे मी घरी सांगितले तेव्हा आमच्या काकींना फार हसू आले.) स्थानकावरून चालत गेले की जुन्या मातीच्या भिंतींच्या आवारात जिसोन-इन हे बौद्ध मंदिर लागते. आत दुमजली बुटका पॅगोडा, मैत्रेय बुद्धाचे लहानसे मंदिर, आणि मागे डोंगरात चढत गेलेल्या ११९ दगडी पायऱ्या. त्या पायऱ्यांच्या वर एक शिंतो देवस्थान आहे. मंदिरात एका पांढऱ्या कुत्र्याचा दगडी पुतळाही आहे. त्याचे नाव गोन. तो यात्रेकरूंच्या पुढे चालत त्यांना पार डोंगरमाथ्यापर्यंत वाट दाखवीत असे. २००२ साली तो मेला.

अपत्यासाठी नवस करण्याची जपानी ठिकाणे म्हटली की परदेशी वर्तमानपत्रांना वेगळेच काही आठवते. आयची प्रांतात कोमाकी येथे तागाता नावाचे शिंतो देवस्थान आहे. तेथे दर १५ मार्चला होनेन उत्सव भरतो. सायप्रस जातीच्या लाकडातून दर वर्षी नवे कोरलेले, सुमारे अडीच मीटर लांबीचे पुरुषाचे लिंग खांद्यावरून मिरवत नेतात. खांदा देणारे पुरुष ४२ वर्षांचे असतात, कारण ते वय पुरुषाला घातक मानतात. होनेन म्हणजे भरघोस पिकाचे वर्ष. शेत पिकावे आणि घरात पाळणा हलावा, अशी दोन्ही मागणी एकाच उत्सवात. परदेशी पाहुणे फोटो काढतात, हसतात. शिवाची पिंड रोज पाहणाऱ्या आपल्याला त्यात हसण्यासारखे फार काही वाटू नये. पण तो गाजावाजाचा उत्सव आहे आणि जिसोन-इन हे मुकाट्याने मागणे मागण्याचे ठिकाण आहे. मला या दुसऱ्याविषयी सांगायचे आहे.

या देवळाची गोष्ट मूल नसलेल्या बाईपासून सुरू होत नाही. ती सुरू होते मुलगा असूनही त्याच्यापर्यंत पोहोचू न शकलेल्या एका आईपासून.

कूकाई हा जपानचा फार मोठा धर्मपुरुष. जन्म इ.स. ७७४, शिकोकू बेटावरचा. ८०४ साली तो चीनला गेला, तेथे त्याने मंत्रमार्गी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, भारतातून आलेल्या प्रज्ञ नावाच्या भिक्षूकडून संस्कृतचे धडे घेतले, आणि परत येऊन शिंगोन पंथ स्थापला. ‘शिंगोन’ म्हणजे ‘खरा शब्द’, अर्थात मंत्र. ८१६ साली सम्राटाने त्याला कोया पर्वत दिला. माथ्यावर मठ उभा राहू लागला आणि डोंगराच्या पायथ्याशी शिधासामान, कारभार आणि थंडीत भिक्षूंची राहण्याची सोय यांसाठी एक ठाणे झाले. तेच पुढे जिसोन-इन.

परंपरा सांगते की मुलाने डोंगरावर काय उभे केले आहे ते पाहावे म्हणून त्याची म्हातारी आई शिकोकूहून समुद्र ओलांडून आली. पण कोया पर्वतावर स्त्रीला पाऊल ठेवायला बंदी होती. नियम मुलाचा, आणि अडली आई! ती पायथ्याच्या ठाण्यात राहिली. मुलगा महिन्यातून नऊ वेळा डोंगर उतरून तिला भेटायला येई, म्हणून गावाचे नाव कुदोयामा, म्हणजे ‘नऊ वेळांचा डोंगर’. ८३५ साली ती तेथेच वारली. ती मैत्रेय बुद्धात विलीन झाली असे भाविक मानतात. जपानीत मैत्रेयाला ‘जिसोन’ असेही म्हणतात. मैत्री, करुणा यांचा स्वामी. देवळाला नाव मिळाले ते त्यावरून. आतली मैत्रेयाची लाकडी मूर्ती ८९२ सालची आहे आणि ती एकवीस वर्षांतून एकदाच दर्शनासाठी उघडतात.

नऊ वेळा म्हणजे नेमक्या नऊच, असे कोणी म्हणत नाही. ‘पुष्कळदा’ असा त्याचा अर्थ घ्यायचा. पण वाटेचे अंतर पाहिले म्हणजे पुष्कळदा हेही थोडे नव्हे. देवळामागच्या पायऱ्यांपासून माथ्यावरच्या मठापर्यंत वीस किलोमीटरच्या आसपास डोंगरवाट आहे. वाटेवर दर १०९ मीटरांवर एक दगडी खांब उभा केलेला आहे. असे एकूण १८० खांब. पहिला खांब माथ्यावर, एकशेऐंशीवा देवळामागच्या पायऱ्यांत. आधी लाकडी खांब होते. तेराव्या शतकात, १२६५ पासून वीस वर्षे खपून ते दगडाचे केले. मध्ये काही मोडले, काही पुन्हा उभारले, पण पुष्कळसे मूळचे आहेत. २००४ साली युनेस्कोने हा मार्ग आणि हे देऊळ जागतिक वारशात घेतले.

आता त्या खांबांवर काय कोरले आहे ते पाहू. त्यांच्यावर सिद्धम् लिपीतली बीजाक्षरे आहेत. आपल्या देवनागरीची ही नातलग लिपी भारतातून चीनमार्गे जपानला गेली. भारतात ती कधीच मागे पडली, जपानी भिक्षूंनी मात्र मंत्रांसाठी जपून ठेवली. ते १८० खांब म्हणजे एका मंडलातल्या १८० देवता. मंडलाचे जपानी नाव ‘ताइझोकाइ’. मूळ संस्कृतात हे गर्भाचे मंडल. ‘ताइझो’ म्हणजे गर्भ, गर्भाशय. आईच्या पोटात जसे मूल वाढते तसे बुद्धाच्या करुणेत सारे विश्व वाढते, अशी ती कल्पना.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बसून राहिले. वीस किलोमीटरची वाट गर्भाच्या नावाने आखलेली. तिच्या पहिल्या पायरीशी बायकांचे देऊळ. आणि ज्यांच्या पोटी गर्भ राहतो त्यांनाच त्या वाटेने शेवटपर्यंत जायची बंदी!

आईने एकदा प्रयत्न केला, अशी कथा आहे. वाटेत एका ठिकाणी ‘वस्त्र पांघरलेली शिळा’ दाखवतात. तेथून पुढे पवित्र क्षेत्र. एका जुन्या लोककथेत असे आहे की मुलाने आपले भिक्षूचे वस्त्र तेथे अंथरले आणि ‘जायचेच असेल तर हे ओलांड’ असे आईला सांगितले. आईने ऐंशी ओलांडलेली. पण तिने पाऊल टाकताच कित्येक वर्षांपूर्वी थांबलेला विटाळ गळला आणि वस्त्राने पेट घेतला. आकाशातून अग्नीचा वर्षाव सुरू झाला. तेव्हा मुलाने एक प्रचंड खडक हातांनी उचलून धरला आणि आईला त्याखाली आडोसा दिला. तो खडक अजून आहे, आणि त्यावर त्याच्या हाताची खूणही दाखवतात. मुलाचे प्रेम सांगण्यासाठी ही कथा सांगत असतील. मला मात्र ती वाचताना म्हातारीचीच आठवण येत राहिली. तिने काय गुन्हा केला होता?

बंदी मागचे कारण काय? भिक्षूंच्या व्रतात विघ्न नको, हे एक. आणि पुढच्या शतकांत बळावलेले दुसरे म्हणजे रक्त. पाळीचे रक्त आणि बाळंतपणाचे रक्त अशुद्ध मानले जाई. चीनमधून आलेल्या एका छोट्या सूत्रात तर स्त्रिया मेल्यावर ‘रक्तकुंड’ नरकात पडतात असे सांगितले आहे, कारण त्यांच्या रक्ताने भूमी आणि पाणी विटाळते. याच द्वीपकल्पातल्या कुमानो तीर्थाच्या भिक्षुणी सतराव्या शतकात गावोगाव हिंडून एक मोठे चित्र उलगडून दाखवीत आणि कीर्तनासारखे निरूपण करीत. त्या चित्रात रक्तकुंड आहे. पण त्याच चित्रात आणखी एक नरक आहे, तो मूल न झालेल्या बायकांचा. त्या बिचाऱ्या दिव्याच्या मऊ वातीने बांबूच्या मुळ्या उकरत बसलेल्या दाखवतात. न संपणारे काम.

म्हणजे मूल झाले तरी नरक आणि न झाले तरी नरक. बाईने सुटावे कोठून?

जपानीत वांझ स्त्रीला जो शब्द आहे तो लिहिताना ‘दगड’ आणि ‘बाई’ अशी दोन अक्षरे काढतात. तीन वर्षांत मूल झाले नाही तर सुनेने घर सोडावे, अशी त्यांच्याकडे म्हणही होती. आपल्या भाषेत असे शब्द किती आहेत ते येथे मोजत बसत नाही. आपल्याला ते ठाऊक आहेत, आणि कोणत्या समारंभात कोणाला पुढे येऊ देत नाहीत तेही ठाऊक आहे.

या सगळ्या पार्श्वभूमीवर पायथ्याच्या देवळाकडे पाहावे. बायकांना वर जाता येत नव्हते, म्हणून त्या जेथे अडवल्या जात तेथेच त्यांनी आपला देव मानला. जिसोन-इनला ‘स्त्रियांचा कोया’ असे नाव पडले. तेथे एक आईच पुरलेली आणि पुजलेली असल्यामुळे पोटापाण्याच्या नव्हे, पोटातल्या गोष्टींसाठी बायका येऊ लागल्या. पांढऱ्या कापडात कापूस भरून दोन गोळे शिवायचे, मधोमध टोक काढायचे, ते लाकडी पाटीवर बसवायचे आणि मैत्रेयाच्या मंदिरापाशी टांगायचे. अशा नवसाच्या पाटीला जपानीत ‘एमा’ म्हणतात. शब्दशः ‘चित्रातला घोडा’. पूर्वी देवाला खराखुरा घोडा वाहत. ज्याला घोडा परवडत नसे तो घोड्याचे चित्र वाही. पुढे घोडा गेला, पाटी राहिली. आपल्याकडे नवसाला लाकडी पाळणा किंवा चांदीचा डोळा वाहतात, तसाच हा प्रकार.

पाटीवर मागणे काय असते? मूल व्हावे हे तर आहेच. पण तेवढेच नाही. बाळंतपण सुखरूप व्हावे. अंगावर दूध यावे. बाळ जगावे. अलीकडच्या काळात स्तनाचा कर्करोग बरा व्हावा म्हणूनही तेथे प्रार्थना होते. हे मला फार महत्त्वाचे वाटते. मुलासाठी नवस म्हटले की बाईच्या देहाकडे पाहायचे ते तिच्यातून काय निघणार एवढ्यापुरतेच. येथे त्याच पाटीवर ‘मी स्वतः वाचावे’ हेही मागता येते.

बंदीचे पुढे काय झाले तेही सांगते. १८७२ साली जपानच्या सरकारने हुकूम काढून देवस्थानांच्या जागी स्त्रियांना असलेली मनाई रद्द केली. कोया पर्वतावर ती प्रत्यक्षात उठायला त्यानंतरही बरीच वर्षे लागली. आता बायका रेल्वेने आणि पुढे दोराच्या गाडीने थेट माथ्यावर जातात. तरी पायथ्याच्या देवळात पाट्या टांगणे थांबलेले नाही.

आता अगदी आपल्या अंगणातली गोष्ट. जपानमध्ये मुलांसाठी आणखी एका देवीला नवस करतात. तिचे नाव किशिमोजिन. तोक्योत झोशिगाया येथे तिचे जुने मंदिर आहे आणि तिच्या हातात डाळिंब असते. ही किशिमोजिन म्हणजे आपली हारीती! कथा अशी की हारीती ही राक्षसी दुसऱ्यांची मुले पळवून खाई. तिला स्वतःची पाचशे मुले. बुद्धाने तिचे धाकटे मूल भिक्षापात्राखाली लपवले. ती ऊर बडवत शोधू लागली. तेव्हा बुद्ध म्हणाला, पाचशेतले एक गेले तर तुझी ही दशा, मग ज्यांचे एकुलते एक तू नेलेस त्यांचे काय? त्या दिवसापासून ती मुलांची राखणदार झाली. इ.स. ६७१ मध्ये भारताकडे निघालेला चिनी भिक्षू इत्सिंग याने लिहून ठेवले आहे की इथल्या विहारांत भोजनगृहाच्या ओसरीत किंवा कोपऱ्यात कडेवर मूल घेतलेली हारीती असे, तिला रोज नैवेद्य असे, आणि मूल नसलेले लोक तिची प्रार्थना करीत. झोशिगायाला तिच्या नावातले ‘राक्षस’ हे अक्षर लिहिताना त्यावरचा एक छोटा फराटा गाळतात. राक्षसीचे शिंग गेले, असा त्याचा अर्थ.

जिसोन-इनमध्ये हारीती नाही. पण तिथला मैत्रेय आणि खांबांवरची अक्षरे ज्या वाटेने गेली त्याच वाटेने हारीतीही गेली. आणि त्या वाटेचे अलीकडचे टोक आमच्या गावाहून एस.टी.ने दीड तासावर आहे. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात, मुख्य बुद्धाच्या बाजूच्या देवळीत हारीती आणि तिचा पती पांचिक शेजारी शेजारी बसले आहेत, तिच्या मांडीवर मूल आहे. खाली पट्टीवर मुलांची शाळा भरली आहे: छडी घेतलेला गुरुजी, पुढची मुले अभ्यास करणारी आणि मागची दंगा करणारी. पाचव्या शतकातही मागच्या बाकांची हीच तऱ्हा! कॉलेजच्या सहलीत आम्ही ते लेणे पाहिले होते. वाटाड्याने छतावरची चित्रे दाखवून आम्हाला पुढे ढकलले. ही देवी कोण, हे तेव्हा कोणी विचारले नाही, मीही नाही.

जपानमध्ये २०२४ साली ६,८६,०६१ मुले जन्मली. नोंदी सुरू झाल्यापासूनचा हा सर्वांत लहान आकडा होता. एका स्त्रीमागे मुलांचे प्रमाण १.१५ इतके खाली आले. सरकार आधीपासूनच काळजीत होते आणि एप्रिल २०२२ पासून नळीतल्या गर्भधारणेचा उपचार सरकारी आरोग्यविम्यात आणला गेला. उपचार सुरू करताना स्त्रीचे वय ४३ च्या आत हवे. म्हणजे पाटी टांगणारी आणि दवाखान्याच्या रांगेत बसणारी बाई पुष्कळदा एकच असेल. तिच्यात मला विसंगती दिसत नाही.

हे मी का लिहिते आहे? माझ्या मावशीच्या लग्नाला तेरा वर्षे झाली. उपास, नवस, अंगारे, सगळे झाले. सगळ्या तपासण्या तिच्याच झाल्या. काकांचीही तपासणी करावी लागते, हे अकराव्या वर्षी एका नर्सबाईने सांगितले, आणि ते घरात बोलायला आणखी एक वर्ष गेले. दिवाळीत ती आमच्याकडे आली होती. दुपारी सुपात ज्वारी घेऊन पाखडत बसली होती, तेव्हा मी तिला हे देऊळ, नदी, नावेतून जाणारी नवरी, सगळे सांगितले. कापडाच्या पाटीला ती हसली नाही. मुलगा नऊ वेळा डोंगर उतरे, हे ऐकून तिने विचारले,

“अन् ती किती वेळा वर गेली?”

“एकदाच निघाली होती,” मी म्हटले, आणि तिला आगीच्या पावसाची आणि खडकाची गोष्ट सांगितली. खडक अजून आहे, त्यावर हाताची खूण उमटलेली आहे, हेही सांगितले.

मावशीने सूप थांबवले.

“खूण त्याच्याच हाताची असंल,” ती म्हणाली, आणि पुन्हा पाखडू लागली.